दोन पेरं पाणी

आधीच हात जोडून सांगतो, लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. शाळा सातवीत सुटली. मोठे शब्द येत नाहीत, आणि एखादा आला तरी तो वापरताना दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखं वाटतं. हे ज्याच्या बाबतीत घडलं त्याला मी फार जवळून ओळखतो. तरी त्याला 'तो'च म्हणणार आहे. 'मी' म्हटलं की माझी गाडी अडते.

१

तो जुनी तैलचित्रं साफ करायचा. ज्यांच्या हाताखाली शिकला ते मास्तर चौकटी बनवायचे आणि चित्रांची डागडुजी करायचे. साफ करायची रीत साधी आहे. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, तोंडात धरून ओला करायचा आणि चित्रावर हलक्या हाताने फिरवायचा. धूर, धूळ, माशांची घाण, सगळं थुंकीने निघतं. खालचा रंग मात्र हलत नाही, कारण एकदा वाळलेला तैलरंग थुंकीला दाद देत नाही. मास्तरांचा एकच कडक नियम होता : वापरलेला बोळा परत तोंडात जाता कामा नये. दिवसाला दोन-दोनशे बोळे लागायचे. म्हणून त्याचं नावच बोळ्या पडलं.

"बोळ्या," मास्तर म्हणायचे, "देवाने तोंड दिलंय ते बोलायला तर तू वापरत नाहीस. निदान थुंकी तरी सत्कारणी लाव."

बोळ्या नुसता हसायचा. बोलणं त्याला जमायचंच नाही. शाळेत धडा वाचायला उभं केलं की शब्द डोळ्यांना दिसायचे, घशापर्यंत यायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचे. एक दिवस गुरुजींनी त्याला तासभर तसंच उभं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही.

त्या वर्षी खलाशांच्या एका जुन्या संस्थेने आपल्या सभागृहातलं मोठं चित्र मास्तरांकडे सोपवलं. चित्र कसलं, अख्खी भिंतच होती. आरमारांची लढाई. मधोमध एक तीन डोलकाठ्यांचं जहाज पेटलेलं, शिडांना भोकं पडलेली, भोकांतून पलीकडची आग दिसते. डावीकडे तोफांच्या तोंडांशी धुराचे गोळे. एक डोलकाठी नेमकी मोडताना पकडलेली, जणू तिचा कडाड आवाज अजून व्हायचा आहे. ज्याने हे काढलं तो समुद्राचीच चित्रं काढणारा माणूस होता, आणि तरुणपणी स्वतः त्या लढाईत होता. बघायला येणारे पेटलेल्या जहाजाकडे बघायचे, "बापरे" म्हणायचे आणि जायचे.

उजव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी एक होडी होती. सहा जण वल्हवत होते. मागच्या टोकाची, सुकाणूपाशी बसायची जागा रिकामी. होडीच्या पुढे थोडं हिरवं पाणी, आणि पाण्यात मोडक्या डोलकाठीला एका हाताने धरून असलेला एक माणूस.

संस्थेचे चिटणीस पहिल्याच दिवशी एक पिवळा पडलेला फोटो घेऊन आले.

"हे चित्र भिंतीवर चढलं त्या दिवसाचा फोटो. होडी कुठे आहे बघा. आणि आता कुठे आहे बघा." त्यांनी फोटोवर नख टेकवलं. "चित्रकाराला आमच्या आधीच्या मंडळींनी फार लाडावून ठेवलं होतं. दर वर्षी येऊन गिरवून जायचा. ते सगळं काढा. मला पहिल्या दिवशी होतं तसं चित्र हवं."

माणूस वाईट नव्हता. कागदावर जे आहे ते भिंतीवर असावं, एवढंच त्याचं म्हणणं.

२

मोठं चित्र साफ करताना त्यावर दोऱ्यांची चौकट ताणतात, उभे-आडवे दोरे, म्हणजे एकेक चौकोन हातावेगळा करता येतो. बोळ्याने दोरे ताणले तेव्हा होडीचं पुढचं टोक नवव्या दोऱ्याच्या अलीकडे होतं, तांदळाएवढं अलीकडे. हे त्याने वहीत लिहिलंसुद्धा. मग तो वरच्या डाव्या कोपऱ्यातून, धुरापासून, कामाला लागला.

सकाळी बरोबर दहाला एक म्हातारी बाई यायची. पांढरा अंबाडा, हातात कापडी पिशवी, पायात रबरी बूट. सभागृहात बसायला एकच लाकडी बाक होता आणि तो चित्राच्या मधोमध नव्हता, उजव्या कोपऱ्यासमोर होता. ती त्याच्या एका टोकाला बसायची, एक डोळा मिटायची, हात लांब करून तर्जनी आडवी धरायची आणि अंगठ्याने पेरं मोजायची.

"दोन पेरं," ती पहिल्या दिवशी म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "नवा दिसतोस. कोपऱ्यात आलास की आडवा उभा राहू नकोस हं बाळा. बाबांना दिसायला हवं."

तिला 'मला दिसायला हवं' म्हणायचं असेल, असं त्याला वाटलं.

ती चित्रकाराची मुलगी होती. अर्धा तास बसायची, मधूनच ओठ हलवायची. जाताना एकदा म्हणाली, "बाबा गेले तेव्हा पाच पेरं पाणी होतं. बावीस वर्षं झाली. माझ्या देखत पोचले म्हणजे मिळवली."

त्याने हे मास्तरांना सांगितलं, म्हणजे तुटक तुटक सांगितलं. मास्तर चौकटीला कानस घासत होते.

"म्हातारं माणूस. आपला मुक्काम जवळ आला की सगळंच जवळ आल्यासारखं वाटतं."

बोळ्याला ते पटलं. पण आठव्या दिवशी त्याची नजर सहज त्या कोपऱ्यात गेली, तर होडीचं टोक नवव्या दोऱ्याच्या पलीकडे होतं. दोरा सैल पडला असेल म्हणून त्याने बोटाने टिचकी मारली. दोरा टणकन वाजला.

३

कोपऱ्याची पाळी आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. तो बुटक्या स्टुलावर बसला आणि चिटणीसांनी सांगितल्याप्रमाणे होडीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली.

पहिला बोळा तपकिरी निघाला, तो काजळीचा. दुसरा हिरवा निघाला. तिसराही हिरवा.

हिरवं निघायला नको होतं. तिथे शेवटचा हात फिरून बावीस वर्षं झाली होती. मास्तर त्यासाठी जहाल औषधाची बाटली देणार होते. थुंकी फक्त वरची काजळी काढायला होती. पण रंग येत होता, काल लावल्यासारखा, लोण्यासारखा. ओल धरली असेल, त्याने मनाशी म्हटलं. समुद्र जवळ आहे, भिंत दमट आहे. हात सवयीने चालत राहिला. होडीचं टोक पुसलं गेलं. खाली जुनं, वाळून खडखडीत झालेलं पाणी दिसलं, आणि त्यात थोडं मागे त्याच होडीचं आणखी एक टोक.

आणि त्या गोंधळात त्याच्या हातून या धंद्यातला एकमेव गुन्हा घडला. वापरलेला बोळा त्याने परत तोंडात घातला.

खारट होता. रंगाचा कडवटपणा नाही, तेलाचा वास नाही. नुसतं खारट, थंड पाणी.

तो थुंकला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एक आवाज थांबलाय. खट्, मग थोडा वेळ शांत, मग खट्. लाकडावर लाकूड. आठ दिवस तो ऐकत होता आणि खिडकीची खिट्टी समजत होता. आता खिडकी तशीच उघडी होती, वारा तसाच होता, आणि आवाज नव्हता.

४

"अडीच," म्हातारी म्हणाली.

तिने पुन्हा मोजलं. दुसऱ्या डोळ्याने मोजलं. मूल पडल्यावर आई आधी कुठे लागलंय का ते बघते, तशी ती होडीकडे बघत राहिली.

"आज मागे गेले," ती हळूच म्हणाली. "वारा उलटा असेल."

बोळ्याला सांगायचं होतं. शेवटी त्याने तळहात पुढे केला. त्यावर तीन हिरवे बोळे होते.

तिने एक उचलला, नाकाशी नेला. मग बाकावर शेजारची जागा थोपटली. "बस."

तो बसला.

"वल्हवणाऱ्याची पाठ कुठे असते ठाऊक आहे? जायचं असतं तिकडे. तोंड मागे. पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही. ते बघायला सुकाणूपाशी एक माणूस बसतो. बाबांच्या होडीतला तो माणूस गोळी लागून पाण्यात पडला. मग हे सहा जण आंधळ्यासारखे वल्हवत सुटले. बाबा एकोणीस वर्षांचे. काका सतरा वर्षांचे, दुसऱ्या जहाजावर. ते जहाज बुडालं होतं." तिने कोपऱ्यातल्या माणसाकडे बोट केलं. "होडी काकांच्या अगदी जवळून गेली. तोफांच्या आवाजात हाक ऐकू आली नाही. बाबांना काका दिसले ते होडी पुढे निघून गेल्यावर. समोरासमोर, रे. आणि जितकं वल्हवावं तितके काका लांब. मागे वळायचा हुकूम नव्हता. आणि जागा तर एक रिकामी होती."

बाहेर कोणीतरी बादली सरकवली. बोळ्या दचकला.

"चित्रात बाबांनी होडी वळवली. एवढंच त्यांच्या हातात होतं. पण एकदम जवळ काढायला मन धजेना. खोटं होईल म्हणाले, वल्हवतच जायला पाहिजे. दर वर्षी लढाईच्या तारखेला ब्रश घेऊन यायचे आणि मला इथे बसवायचे. कापडाला नाक लावून रंगवणाऱ्याला कळत नाही ना होडी कुठे चालली ते. मी सहा वर्षांची असल्यापासून सांगतेय. बाबा, डावीकडे. बाबा, थोडं सरळ. डावं म्हणजे वल्हवणाऱ्याचं डावं हं, आपल्याला इथून ते उजवं."

"आता…" एवढंच बोळ्याच्या तोंडून निघालं.

"आताही सांगते. नको सांगू?" ती हसली. मग पुढे वाकून, कोणा दमलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "बाबा, थोडं डावीकडे. घाई नाही."

ती गेल्यावर दुपारी खट् आवाज पुन्हा सुरू झाला. पहिल्यापेक्षा सावकाश.

५

त्यानंतर त्याने कोपऱ्याला हात लावला नाही. पेटलेल्या जहाजावरच बोळे फिरवत राहिला. आठवड्याभरात होडी दोन पेरांवर आली, मग दोनाच्याही आत. म्हातारीच्या गालांवर रंग आला. एकदा तिने त्याच्यासाठी पिशवीतून सफरचंद आणलं आणि म्हणाली, "थुंकी वाढेल."

मग ती दोन दिवस आली नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी चिटणीस आले, कोपरा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? होडी तर अजून पुढेच आहे! उद्या सकाळी मी फोटो घेऊन येतो. फोटोसारखं नसेल तर माझ्याकडे दुसरी माणसं आहेत. ती थुंकीबिंकीत वेळ घालवत नाहीत, औषध ओततात आणि मोकळी होतात."

चिटणीस गेल्यावर बोळ्याने मास्तरांचा हात धरून त्यांना कोपऱ्याशी नेलं. मास्तरांनी करंगळी टेकवली, जिभेला लावली. मग डोक्यावरची टोपी नीट बसवली.

"बाई कुठे राहतात?" शेवटी त्यांनी विचारलं. "जाऊन ये जा."

दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली होती. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती, समुद्र नाही. शेजारीण दार उघडून बाजूला झाली. म्हातारी पलंगावर इतकी लहान दिसत होती की चादरीखाली कोणी आहे असं वाटू नये. उशाशी पेल्यात एक बारीक ब्रश उभा होता.

"किती?" तिने विचारलं.

त्याने बोटावर दाखवलं. दीड.

"दीड पेर." तिने डोळे मिटले. "दोन दिवस बाकावर कोणी नाही. बाबा भरकटतील रे. तू बसशील?"

त्याने जोरजोरात मान हलवली.

"मान हलवून होडी वळत नाही, राजा. तोंडाने सांगावं लागतं. मोठ्याने."

त्याने खाली बघितलं.

"आणि एक." तिने त्याचं मनगट धरलं. हात थंड होता, पण पकड घट्ट. "मला काही झालं तर बाबा मला घ्यायला बघतील. बापाचं मन, त्यांना वाटेल पोरगी एकटी कशी राहील. ती जागा काकांची आहे. माझ्यासाठी नाही. त्यांना सांग."

६

तो सभागृहात पोचला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. सहाला दार बंद व्हायचं. ऊन तिरपं होऊन नेमकं कोपऱ्यावर पडलं होतं.

खट् खट् खट्. आवाज भराभर येत होता आणि त्याला ताल नव्हता.

होडी फिरली होती. तिचं टोक पाण्यातल्या माणसाकडे नव्हतं. पेटलेल्या जहाजाच्या दिशेला वळलं होतं. मधलं पाणी तीन पेरांहून जास्त झालं होतं. बोळ्याने नवव्या दोऱ्यावर बोट ठेवलं, हे बघायला की दोरा तिथेच आहे. दोरा तिथेच होता. बोटाला ओल लागली.

तो बाकावर बसला. बाकही ओलसर होता. फरशी पुसली असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण फरशी कोरडी होती.

सहाही जणांची तोंडं त्याच्याकडे होती. ती असणारच होती, वल्हवणाऱ्यांची तोंडं मागेच असतात. चेहरे मसुराच्या दाण्याएवढे. दुसऱ्या रांगेतल्या एकाचे डोळे म्हणजे ब्रशचे दोन ठिपके, इतके दिवस वल्ह्याकडे झुकलेले. आता ते बाकाकडे बघत होते. ते भीतिदायक नव्हते. तेच तर वाईट होतं. गर्दीत हात सुटलेलं मूल प्रत्येक मोठ्या माणसाकडे बघतं, तसे बघत होते.

बोळ्याने तोंड उघडलं. डावीकडे. एकच तर शब्द. तो घशापर्यंत आला. गुरुजींच्या तासासारखा तो तसाच बसून राहिला, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, आणि समोरची होडी हळूहळू आगीकडे चाललेली.

दारात किल्ल्यांचा जुडगा वाजला. "चला, बंद करायचंय," पहारेकरी म्हणाला.

तो उठला. उठताना त्याने मागे बघितलं नाही, आणि त्याची लाज त्याला अजून वाटते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले होते. त्याला बघून त्यांनी टोपी काढली.

"पहाटे गेल्या," ते म्हणाले. "झोपेतच."

बोळ्या आत गेला. सभागृहात कसलाच आवाज नव्हता. होडी तिथेच होती, टोक आगीकडे. पण वल्ही पाण्याबाहेर होती, सहाच्या सहा, कोणीतरी थांबा म्हटल्यासारखी. आणि मागच्या टोकाची जागा रिकामी नव्हती.

कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, लहानसं. त्याला नीट दिसलं ते एवढंच की डोक्यामागे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता, अंबाड्याएवढा. त्याहून जास्त बघायची त्याची छाती झाली नाही. पलीकडे पाण्यातल्या माणसाचा हात डोलकाठीवरून निसटत आलेला होता. काल चार बोटं दिसत होती. आज दोन.

बाहेर चिटणीसांचा आवाज आला, त्यांच्यासोबत आणखी दोघांचा, आणि बाटल्यांचा.

"आत जाऊ नका," मास्तर म्हणत होते. "रंग ओला आहे."

"बावीस वर्षांचा रंग ओला?"

"ओला आहे म्हटलं ना! मी हा दारात बसलोय. मला ओलांडून जायचं तर जा."

बोळ्याने हातातला कापूस खाली ठेवला. बाकाच्या ज्या टोकाला ती बसायची ते सोडून तो दुसऱ्या टोकाला बसला. पाठ ताठ केली, वर्गात करायचा तशी.

"आजी," तो म्हणाला.

आवाज फाटका निघाला, पण निघाला. उंच छतावर जाऊन परत आला.

"आजी, ती जागा काकांची आहे. तुम्हीच म्हणालात. तुम्ही उठा. मी आलोय इथे. मी सांगतो बाबांना."

काही झालं नाही. दाराशी वाद चालूच होता. मग बाकाचं दुसरं टोक किंचित करकरलं. एखादं अगदी हलकं, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात टेकून बसतं तेव्हा बाक करकरतो, तेवढंच. थोडा खारा वास आला, आणि सफरचंदाचा.

त्याने शेजारी बघितलं नाही. सुकाणूपाशी बसणाऱ्याने पुढेच बघायचं असतं. पुढे, होडीतली ती जागा रिकामी होती.

"बाबा," तो मोठ्याने म्हणाला, "डावीकडे. अजून डावीकडे. हां. आता सरळ."

खट्.

"थोडंच राहिलंय. दोन पेरं."

खट्.